विहीरवाली आणि बाकीच्या कॅसेटी

खोक्यावर मिक्सरचं चित्र होतं, म्हणून इतकी वर्षं त्यात मिक्सरच आहे असं मी धरून चाललो होतो. दिवाळीच्या आधी घराला रंग द्यायचं ठरलं. रंगारी म्हणाले, माळा रिकामा करून द्या. तेव्हा एका कोरड्या, पिवळसर उन्हाच्या सकाळी मी स्टुलावर चढून एकेक वस्तू खाली द्यायला लागलो. खाली सुनीता, माझी बायको, हात वर करून उभी. मिक्सरचं खोकं तिच्या हातात गेलं तसं ते आतल्या आत खुळखुळलं. मिक्सर असा खुळखुळत नाही.

तिथंच फरशीवर बसून आम्ही ते उघडलं. वर जुनं वर्तमानपत्र, त्याखाली हात लावताच भुगा होणारा कडुलिंबाचा पाला, आणि त्याखाली पाठ वर करून दाटीवाटीनं उभ्या असलेल्या कॅसेटी. कापराचा एक बारीक वास आला. कापूर केव्हाच उडून गेला असणार. वास तेवढा मागं राहिलेला.

“एवढ्या सगळ्या तुमच्या?” सुनीतानं विचारलं.

“माझ्या,” मी म्हणालो. मग जरा थांबून म्हणालो, “म्हणजे, अक्काच्या.”

मी एकेक कॅसेट बाहेर काढत गेलो. निम्म्या मला आठवतच नव्हत्या. बासरीची एक होती. ही आपल्या घरात कधी आली? कानडी भजनांची एक होती, तिच्यावरचं नाव मला आता वाचताही येईना. कुणी विचारलं असतं तर ह्या माझ्या नव्हेत असं मी शपथेवर सांगितलं असतं. पण डबी हातात घेतली की अंगठा आपोआप झाकणाच्या तुटक्या बिजागरीकडं जायचा. हाताला सगळं ठाऊक होतं. काही डब्यांवर कुंकवाचा एकेक ठिपका होता, वाळून तपकिरी झालेला. सुनीता तो नखानं खरवडून बघायला लागली.

“राहू दे,” मी म्हणालो. “अव्वानं लावलेलं आहे ते.”

अक्का माझी थोरली बहीण, पाच-सहा वर्षांनी मोठी. आमचं घराणं मूळचं सीमेकडचं, त्यामुळं घरातली निम्मी नाती कानडीतून आलेली. आईला आम्ही अव्वा म्हणायचो, वडलांना आप्पा, आणि अक्का मला तम्मा म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ. शाळेतलं माझं नाव तिच्या तोंडून ऐकल्याचं मला आठवत नाही.

तेव्हा आम्ही शाहूपुरीत राहत होतो. खाली आप्पांचं गुळाचं दुकान, मागं गोदाम, आणि वर आम्ही. दिवाळी झाली की खेड्यापाड्यांतल्या गुऱ्हाळांवरून गाड्या यायला लागायच्या, आणि मग होळीपर्यंत सगळ्या घराला गुळाचा वास. तो नुसता नाकाला यायचा नाही, अंगाला चिकटायचा. उशीच्या अभ्र्याला, माझ्या वह्यांना, अक्काच्या वेणीला गुळाचा वास. गोदामात मधमाश्या घोंगावायच्या, त्यातली एखादी भरकटत जिन्यावरून आमच्या माजघरात यायची. तिला कुणी मारायचं नाही. अव्वा नुसती पदरानं तिला खिडकीची वाट दाखवायची.

अशाच एका हिवाळ्यात आप्पांनी टेप आणला. दोन्ही हातांत, छातीशी धरून, तान्हं मूल घ्यावं तसा. अव्वानं त्याला ओवाळलं, वर विणलेला रुमाल घातला, आणि माजघरातल्या फडताळावर त्याची जागा ठरून गेली. त्याच्या शेजारची खिडकी गोदामाकडं उघडायची. त्यामुळं आमच्या घरात लागलेलं गाणं खाली गुळाच्या ढेपी रचणाऱ्या हमालांपर्यंत जायचं, आणि त्यांची थट्टामस्करी, शिव्या आणि तंबाखू मळण्याचे आवाज वर यायचे. आजही एखादं जुनं गाणं लागलं की त्याच्या मागं कुणीतरी ढेप खाली टाकल्याचा धप्प आवाज मला ऐकू येतो. तो त्या गाण्यात कधीच नव्हता.

कॅसेट निवडणं हा अक्काचा मान होता. ती कॉलेजात जायची. एखाद्या शनिवारी मला बरोबर घेऊन ती महाद्वार रोडला निघायची. दुकानदार मागाल ती कॅसेट थोडी वाजवून दाखवायचा. अक्का काउंटरवर वाकून, मान कलती करून ऐकायची, खरबूज पिकलंय का ते वासावरून बघावं तशी. गाणारी कोण, चाल कुणाची, ह्याच्याशी तिला देणंघेणं नसायचं. चार ओळी ऐकल्या की ती “द्या” तरी म्हणायची, नाहीतर “नगं”. दुकानदार तिच्या चेहऱ्याकडं परीक्षेला बसल्यासारखा बघत राहायचा.

घरी आल्यावर अव्वा डबीला हळदकुंकू लावायची. मग वरचा चकचकीत कागद काढायचा. मग तो नव्या कॅसेटचा वास, थोडा रॉकेलसारखा, थोडा नव्या चपलेसारखा. आम्ही दोघं आळीपाळीनं तो हुंगायचो आणि अव्वा म्हणायची, “गाणं कानानं ऐकत्यात म्हणं. ह्यांचं नाकानं चाललंय.”

छापलेल्या नावानं आमच्याकडं कुठल्याच कॅसेटला कुणी हाक मारली नाही. अक्का चित्र बघून नाव ठेवायची. विहीरवाली म्हणजे पिवळ्या साडीतली बाई विहिरीच्या काठावर बसलेली. तिच्याजवळ घागर नाही, बादली नाही, दोर नाही. “मग ही हितं आलीया कशाला?” अव्वाचा प्रश्न. मोरवाली म्हणजे कोपऱ्यात एवढासा मोर असलेली. टोपीवाला म्हणजे गझला म्हणणारा एक देखणा, उदास माणूस. रडकी म्हणून एक होती. तिच्यावरची बाई तोंडभर हसत होती, पण आतली सगळी गाणी ताटातुटीची. हमालांनाही ही नावं पाठ झालेली. दुपारी खालून हाक यायची, “अक्का, विहीरवाली लावा की.” आणि आप्पा दुकानातून ओरडायचे, “ढेपी लावा आधी.”

अक्का गाणं ऐकायची ती कामात. तांदूळ निवडताना, लसूण सोलताना, माझ्या सदऱ्याला बटण लावताना. डोळे मिटून, मान डोलावून ऐकणाऱ्यांतली ती नव्हे. पण दोन गाण्यांच्या मधे जो रिकामा वेळ असतो, ज्यात नुसती पट्टी सरकल्याची खसखस ऐकू येते, त्या वेळात तिची बोटं थांबायची. सुपात हात तसाच. खिडकीतून येणारं ऊन तिच्या मनगटावर, आणि उन्हात तांदळाची धूळ तरंगत असलेली. मग ती अगदी हळू, तोंडातल्या तोंडात पुढच्या गाण्याचा पहिला सूर लावायची, आणि त्याच क्षणी टेपमधली बाईही तो लावायची. दोघींनी ठरवून केल्यासारखा. मला वाटायचं, अक्का म्हणते म्हणून ती बाई गाते.

पावसाळा मात्र कॅसेटींचा वैरी. आषाढात कोल्हापूरचा पाऊस बसला की बसला. पंचगंगा पात्राबाहेर येऊन शेतांतून हिंडायला लागायची, भिंतींना ओल, मिठाला पाणी, चपलांना पांढरी बुरशी. तशीच बुरशी कॅसेटींच्या पट्टीवरही धरायची. अव्वानं त्यांच्यासाठी बिस्किटांचे पत्र्याचे डबे रिकामे केले, त्यात कडुलिंबाचा पाला आणि कापराच्या वड्या टाकल्या. एखाद्या दिवशी ढग फाटून ऊन आलं की गच्चीवर एका बाजूला ओले कपडे आणि दुसऱ्या बाजूला चादरीवर झाकणं उघडलेल्या कॅसेटी. कावळ्यांना हाकलायला मी. शेजारच्या गच्चीवरची काकू विचारायची, “काय वाळवण घातलंय गं?” आणि अक्का म्हणायची, “गाणी घातल्यात.”

मग अक्काचं लग्न झालं. गडहिंग्लजला दिली तिला. जाण्याच्या आदल्या दिवशी ती फडताळापुढं उभी राहिली आणि पाठीवरून बोट फिरवत सगळ्या कॅसेटी तिनं एकदा बघितल्या. मी म्हणालो, “घेऊन जा की.” ती म्हणाली, “त्यांच्यात गाणी लावत्यात का न्हाय, कुणाला ठावं. तुझ्यापाशी ऱ्हाऊ देत. तू लावत जा.” आणि ती गेली. तिच्या सासरच्या घराच्या भिंती जाड होत्या आणि माणसं हळू बोलायची. मी जायचो तेव्हा चहा यायचा, चिवडा यायचा. टेप कुठं दिसला नाही.

पण श्रावणात पंचमीला ती माहेरी यायची. तेव्हा गुळाचा हंगाम नसायचा. गोदाम झाडून लख्ख आणि रिकामं. आप्पा त्याच्या वाशांना दोर टाकून झोका बांधून द्यायचे. मी टेप खाली न्यायचो आणि गूळ तोलायच्या मोठ्या काट्याच्या लाकडी पाटावर ठेवायचो. त्या रिकाम्या गोदामात गाणं घुमायचं. अक्का झोक्यावर उभी राहून पाय वाकवून झोका चढवायची. ती लांब गेली की गाणं तिच्यापासून लांब जायचं, परत आली की जवळ यायचं. निदान ती तसं सांगायची. “तम्मा, हितनं येगळंच ऐकू येतंय,” ती वरून म्हणायची. मी खाली जुन्या गुळाच्या डागांवर अनवाणी उभा. पावलं किंचित चिकटायची.

पुढचं मला ओळीनं आठवत नाही. गुळाचा बाजार हलला. आधी अव्वा गेली, मग आप्पा. शाहूपुरीतलं घर गेलं. मी साखर कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला लागलो, रंकाळ्याच्या बाजूला फ्लॅट घेतला. कॅसेटीही घेत राहिलो काही वर्षं, अक्काच्या कॅसेटींत माझ्या मिसळत गेलो, मग सीडी आल्या, मग त्याही गेल्या आणि गाणी फोनमधे जाऊन बसली. खोकं माळ्यावर कुणी ठेवलं? मीच ठेवलं असणार. ते ठेवताना मला काय वाटलं होतं, हे आठवायचा मी खूप प्रयत्न केला. काहीही आठवलं नाही.

रंगाचं काम संपेपर्यंत मी टेपच्या मागं लागलो. आप्पांचा तो टेप राहिला नव्हता, पण सुनीताच्या माहेरचा एक होता, तो शाहूपुरीतल्या एका दुकानातून दुरुस्त करून आणला. आणि मग दिवाळीनंतरच्या त्या स्वच्छ सकाळी, नव्या रंगाचा वास घरभर असताना, मी माझ्याच कॅसेटी नव्यानं ऐकायला बसलो.

गंमत अशी की ज्या मला फार आवडायच्या असं मी समजत होतो, त्यातल्या बऱ्याच आता हाताला हलक्या लागल्या. टोपीवाला तर एकदम तरुण निघाला. मला तो मोठा, जग बघून थकलेला माणूस वाटायचा. आता ऐकलं तर पंचविशीतला पोरगा दुःखाचा सराव करतोय. रडकी मात्र खरी निघाली. तिच्यातल्या एका गाण्यात श्वास घेतल्याचा आवाज येतो, तो मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. आणि बासरीची ती, जी मला आठवतही नव्हती, तिनं मला जागेवर बसवलं. तिच्यात दुसरं वाद्य नाही, ठेका नाही. एक माणूस सकाळी नदीवर जातो आणि कुणी ऐकत नाही असं समजून वाजवतो. मी ती लावली आणि हातातला चहा गार झाला. सुनीता भाजी निवडता निवडता दारात येऊन उभी राहिली.

“ही इतके दिवस कुठं होती?” ती म्हणाली.

“आपल्या डोक्यावर,” मी म्हणालो.

अक्काला हे फोनवर सांगावं असं रोज वाटायचं. पण अक्काला फोनवर काही सांगण्यात अर्थ उरला नव्हता. तिचे कान गेले होते. एकदम नव्हे, नदीचं पाणी उन्हाळ्यात उतरतं तसे हळूहळू. दाजी गेल्यावर जास्तच. तिच्या मुलानं, महेशनं, कानात घालायचं यंत्र आणून दिलं होतं, ते तिनं कपाटात ठेवून दिलं. “ते घातलं की भांड्यांच्या दुकानात बसल्यागत वाटतंय,” म्हणायची. फोन केला की ती आपलंच बोलत राहायची, आणि मग म्हणायची, “आता तू बोल. मला ऐकू येत न्हाय, पर तू बोल.” मी काहीतरी बोलायचो. लग्नाकार्यात ती आता मागच्या खुर्चीवर बसायची, आणि कुणी हसलं की आपणही हसायची. ते मला बघवत नसे.

थंडीच्या सुरुवातीला महेश तिला कोल्हापुरात कानाच्या डॉक्टरांना दाखवायला घेऊन आला. मीही बरोबर गेलो. डॉक्टर भले होते. म्हणाले, बारीक आवाज गेले आहेत, जाड आवाज अजून थोडे शिल्लक आहेत. यंत्र रोज लावा, नाहीतर मेंदू आवाज विसरत जाईल. बाहेर आल्यावर मी ते अक्काला तिच्या कानाशी तोंड नेऊन, हातवारे करून पुन्हा सांगितलं.

“इसरू दे,” ती म्हणाली. “त्येला तरी काय काम हाय आता?”

दुपारी आम्ही माझ्याकडं जेवायला आलो. महेश त्याच्या कामाला गावात गेला. खोकं मी सकाळीच आतल्या खोलीत दाराआड नेऊन वर चादर टाकली होती. सुनीतानं ते बघितलं होतं. अक्का हात धुवायला गेली तेव्हा ती म्हणाली, “दाखवा की त्यांना.”

“कशाला? उपाशी माणसापुढं ताटाचं चित्र धरायचं?”

“त्यांच्या आहेत त्या. तुम्हालाच सोडवत नाहीत म्हणून झाकून ठेवल्यात का?”

 ती नाशिककडची, बोलते सौम्य, पण नेमकं लागेल असं. मी आत गेलो आणि खोकं उचलून आणलं.

अक्का सोफ्यावर बसली होती. मी खोकं तिच्या पायाशी ठेवलं. तिनं वाकून बघितलं. बराच वेळ नुसतं बघितलं. मग एक कॅसेट काढली, पदरानं पुसली, लांब धरून चष्म्यातून न्याहाळली.

“विहीरवाली,” ती म्हणाली.

मग दुसरी. “मोरवाली. ही रडकी. आणि ह्यो टोपीवाला. ह्यो अजून हाय व्हय?” लग्नाच्या मांडवात जुनी माणसं भेटावीत आणि एकेकाचा हात हातात घ्यावा, तसं चाललं होतं तिचं. कुंकवाच्या ठिपक्यावर ती अंगठा ठेवायची आणि पुढं जायची. “कुठं घावल्या?” तिनं विचारलं. मी बोटानं वर माळा दाखवला.

“लाव की,” ती म्हणाली.

मी कानाला हात लावून मान हलवली. ऐकू येईल का, असं.

“तू लाव.”

मी विहीरवाली लावली. अक्का थोडा वेळ बोलणाऱ्याच्या तोंडाकडं बघतात तशी टेपकडं बघत बसली. “न्हाय येत,” ती म्हणाली. मी आवाज वाढवला. अजून वाढवला. सुनीतानं खिडक्या लावून घेतल्या. अक्का उठली, स्टूल ओढून टेपपुढं बसली आणि तिनं आपला तळवा जाळीवर ठेवला, ताप बघायला कपाळावर ठेवतात तसा. मग वाकून कानाच्या वरची बाजू टेपच्या कडेला टेकवली.

“डग्गा येतोय,” ती म्हणाली. “बाई येत न्हाय.”

मी बंद करायला हात पुढं केला. तिनं न बघताच माझा हात बाजूला सारला. तिचे ओठ हलायला लागले होते. मग आवाज आला. तिला स्वतःचा आवाजही ऐकू येत नव्हता, त्यामुळं तो फार मोठा होता, आणि सूर कुठल्या कुठं. गाणारी बाई वर चाललेली आणि अक्का खाली. पण ठेक्याला ती चुकत नव्हती. तबला तिच्या तळहातात वाजत होता आणि ती त्याच्या बोटाला धरून चालली होती. मधले सतारीचे तुकडे आले की ती थांबायची, तेवढाच वेळ, आणि बरोबर जागेवर पुन्हा सुरू व्हायची.

दुसऱ्या अंतऱ्याला आम्ही आलो. तिथं त्या कॅसेटची एक जागा आहे. फार वर्षांपूर्वीच्या एका ओल्या श्रावणात टेपनं ती पट्टी खाल्ली होती, आणि अक्कानं चुरगळलेला तुकडा अव्वाच्या कात्रीनं कापून दोन टोकं चिकटवली होती. त्यामुळं एक ओळ जवळजवळ सगळीच गेली. बाई ‘सांज’ म्हणता म्हणता एकदम ‘दार’ म्हणते. आम्हाला ते गाणं तसंच पाठ झालं. खालचे हमालही ते तसंच म्हणायचे. पुढं एकदा मला ते फोनवर सापडलं, अख्खं, न तुटलेलं. ऐकलं तर मधे भलतीच ओळ. ती चांगली होती, पण माझ्या ओळखीची नव्हती, आणि मी ते पुन्हा लावलं नाही.

अक्का तिथं आली आणि ‘सांज’वरून थेट ‘दार’वर गेली. टेपमधली बाईही त्याच क्षणी गेली. मधे पट्टीएवढंही अंतर पडलं नाही.

मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. काच बंद होती तरी बाहेर बघत राहिलो. मागं सुनीता नाक ओढत होती आणि अक्का बेसूर, मोठ्यानं, कुणाची पर्वा न करता गात होती. वरच्या मजल्यावरच्या कुणीतरी काय झालं म्हणून फरशीवर टकटक केलं.

बाजू संपल्यावर ती ताठ बसली. कपाळावर घाम होता. पाणी मागितलं, प्याली, आणि म्हणाली, “ह्या मी नेतो.”

सुनीता नवी नवरी होऊन आली तेव्हा अक्काचं हे ‘मी नेतो, मी जातो’ ऐकून तिला हसू यायचं. आमच्याकडं बाया तसंच बोलतात. त्या दिवशी ती हसली नाही, माझ्याकडं बघत राहिली.

मी लगेच हो म्हणालो नाही. नुकतीच कुठं मला ही गाणी परत मिळाली होती. रोज सकाळी एक काढायची, असं मी स्वतःशी ठरवलं होतं. अक्कानं माझं तोंड वाचलं असावं. ती म्हणाली, “तुझं समदं फोनात हाय की रं. माझ्या हाताला फोन वाजत न्हाय.”

मग मी टेप पुसला, त्याची वायर गुंडाळली. खोक्यात वर्तमानपत्राची नवी घडी घातली. अक्का एकेक कॅसेट परत भरत होती. बासरीची तिच्या हातात आली. तिनं उलटसुलट करून बघितली.

“ही तुझी,” ती म्हणाली. “तू नोकरीला लागलास तवा आणलीतीस. माझ्या पंचमीला लावलीतीस.”

मला आठवत नव्हतं. पण तिला आठवत होतं, म्हणजे तसं झालं असणार.

“ही तुला ऱ्हाऊ दे,” म्हणत तिनं ती माझ्या हातात ठेवली. “हिच्यात डग्गा न्हाय.”

संध्याकाळी ऊन असेतोवर महेशनं खोकं आणि टेप गाडीत ठेवला. अक्का पुढं बसली, टेप मांडीवर घेऊन. मागं ठेव म्हटलं तर ऐकेना.

नंतर बरेच दिवस माझ्या घरात शांत होतं. शाहूपुरीतल्या त्याच दुकानातून एक जुना टेप आणून मी बासरी ऐकायचो. ती संपली की उठून कामाला लागायचो. एका रविवारी सकाळी महेशचा फोन आला.

“मामा, काय दिलंय तुम्ही आईला? सकाळपासनं टेप भोंग्यागत. गल्लीतली माणसं इचाराय लागल्यात, लगीन कुणाचं हाय म्हणून.”

“यंत्र लावते का?” मी विचारलं.

“लावती की आता. दिवसभर लावती. फकस्त गाणी सुरू केली की काढून ठेवती. म्हणती, यंत्र माणसांसाठी, गाण्याला हात हाय.” त्याच्या आवाजात कंटाळा होता, पण हसूही होतं. “थांबा, तिला देतो.”

फोन तिच्या हातात गेला. आधी भांड्यांचे आवाज, मग तिचा श्वास, आणि त्या सगळ्याच्या मागं, लांब, जाड भिंतींच्या त्या घरातून, गाणं.

“तम्मा,” ती म्हणाली. “लावलीया.”

“ऐकू येतंय मला,” मी म्हणालो.

ते तिला ऐकू गेलं नाही. ती बोलत राहिली. शेजारणीच्या सुनेला मुलगी झाली. लिंबाचं लोणचं घातलंय, महेश येईल तेव्हा त्याच्याबरोबर पाठवतो. गुडघा बरा आहे. मी भिंतीला टेकून उभा होतो, फोन कानाशी घट्ट दाबून, आणि तिच्या बोलण्याच्या फटींमधून मला गाणं मिळेल तेवढं मी घेत होतो. मधेच तिचं बोलणं थांबायचं. जाळीवर हात ठेवला असेल.

मग टेपचं बटण आपोआप वर आल्याचा टक् असा आवाज झाला.

“संपली बघ बाजू,” अक्का म्हणाली. “थांब, उलटी घालतो. फोन ठेवू नगंस.”

मी ठेवला नाही.